किल्ली आधी की खिडकी आधी

माझ्या लेकीला कावीळ होऊन गेली, हे मला ती उतरून चार महिने झाल्यावर एका फोटोवरून कळलं. तो फोटो मी चोरला.

चोरला म्हणजे नेमकं काय केलं, हे सांगताना माझ्यासारखीला पळवाट नाही. गेली एकोणीस वर्षं मी एका वकीलबाईंकडे टायपिंग करते. शाळा नववीत सुटली. कायदा शिकले तो बाईंच्या कागदांतल्या चुका दुरुस्त करता करता. ‘चोरी’, ‘घरफोडी’ आणि ‘परवानगीशिवाय प्रवेश’ हे शब्द मी जितक्या वेळा टाइप केले असतील, तितक्या वेळा नवऱ्याला हाकसुद्धा मारली नसेल.

लेकीला आम्ही ठकी म्हणतो. ती बसने दोन तासांवर शिकायला आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात आणखी दोघींबरोबर राहते. तीन खोल्या, तीन कुलपं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर तिघींत मिळून. एक लंबू, दारातून शिरताना सवयीनं मान वाकवणारी आणि हसली की खालच्या मजल्यावर कळणारी. दुसरी घुमी. ती संख्याशास्त्र शिकते आणि शब्दही मोजूनच वापरते.

या घराची एक रीत होती. बाहेर पडताना प्रत्येकीनं आपल्या खोलीची किल्ली स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर आपापल्या चहाच्या कपात टाकून जायची. कारण एकदा लंबू इस्त्री चालू ठेवून तासाला गेली होती आणि दार तोडायला सुताराला बोलवावं लागलं होतं. तेव्हापासून फ्रिजवर घुमीच्या ठसठशीत अक्षरातला कागद होता. दुसरीच्या खोलीत तीनच कारणांसाठी जावं: इस्त्री किंवा हीटर चालू राहिला तर, खिडकी उघडी राहून आपटत असेल तर, आणि घड्याळाचा गजर बोंबलत राहिला तर. खाली लिहिलं होतं, ‘चौथं कारण नाही.’ त्याखाली तीन रेघा.

आता लंबूच्या आईकडे वळते. वळायचं जिवावर येतं, पण गोष्ट तिच्याशिवाय पुढं सरकत नाही.

त्या बाईची तिथून जवळच्याच गावात बेकरी आहे आणि ठकी अधूनमधून लंबूबरोबर तिच्याकडे जायची. मी तिला तोवर पाहिलेलं नव्हतं, तरी दर रविवारी ती फोनमधून आमच्या घरात येऊन बसायची. “आई, काकू म्हणतात लोकरीचे कपडे उलटे करून धुवावेत.” मग अठरा वर्षं मी काय सुलटे धुतले? “काकू म्हणतात, झोप झाली नाही की माणूस चिडका होतो.” हे मी ठकीला पाळण्यात असल्यापासून सांगत आले होते, तेव्हा ती नुसती किंचाळायची. “काकूंच्या पावाला काय वास येतो गं!” येणारच. बेकरी आहे बाईची, लोखंडाचं दुकान नाही. मी “हो का, छान” म्हणायचे आणि फोन ठेवला की ओटा घासायला घ्यायचे. त्या वर्षी आमच्या ओट्यासारखा ओटा अख्ख्या गल्लीत कुणाचा नव्हता.

नवरा म्हणाला, “अगं, पोरीला परक्या गावात मायेचं माणूस मिळालं, बरंच झालं की.”

त्याचं बरोबर होतं. बरोबर असणाऱ्या माणसाचा राग जास्त येतो.

थंडी पडायला लागली तशी मी ठकीची जाड रजई घेऊन गेले. तिची परीक्षा होती. घराची किल्ली तिनं खालच्या शिंप्याकडे ठेवली होती. फोनवर म्हणाली, “रजई माझ्या खोलीत ठेव, चहा करून घे, मी पाचपर्यंत येते.” दुपारचे दोन वाजले होते. घरात कुणी नव्हतं. रजई ठेवली, ठकीचं कपाट उगाच आवरलं, आणि चहा करायला स्वयंपाकघरात आले. फळीवरून कप काढताना लंबूच्या कपातली किल्ली हाताला लागली. तिच्या खोलीची खिडकी वाऱ्यानं आपटत होती. मी आत गेले, खिडकी लावली आणि वळले, तर समोर शेल्फवर फोटो.

फोटोत एक सोफा, सोफ्यावर एक गोल चेहऱ्याची बाई, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून माझी ठकी. गाल बसलेले, डोळे लिंबासारखे पिवळे, आणि तरी हसत होती. बाईचा हात तिच्या कपाळावर. मागून लंबू वेडावत होती. कोपऱ्यात ठकीच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘कावीळ खलास!’ आणि तारीख. त्या तारखेच्या आठवड्यात ठकी सुट्टी असून घरी आली नव्हती. “प्रोजेक्ट आहे गं आई,” म्हणाली होती. मी शेजारणीला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं की आमची पोरगी फार अभ्यासू.

फोटो चौकटीसकट पिशवीत गेला. कसा गेला ते विचारू नका, हात माझेच होते. दाराला कुलूप घातलं, किल्ली कपात टाकली, चहा केला आणि प्यायलाही. पाच वाजता ठकी आली, मला मिठी मारली, म्हणाली, “आई, तुझ्या हातचा चहा!” मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. पांढरेशुभ्र होते. चहा ओतला आणि पिशवी पायानं खुर्चीखाली सरकवली.

घरी येऊन फोटो उशांच्या अभ्र्यांखाली ठेवला. रोज काढून बघायचे. ठकीचा चेहरा एकदा बघायचे आणि त्या बाईचा हात दहादा.

चौथ्या दिवशी ठकीचा फोन. “आई, आमच्याकडे चोरी झाली.”

“अगंबाई! काय गेलं?”

“लंबूच्या खोलीतला एक फोटो. बाकी कशाला हात नाही. लॅपटॉप तिथंच, घड्याळ तिथंच. किती विचित्र ना? आणि कुलूप शाबूत. म्हणजे घरातल्याच माणसानं केलं. तू आलीस तेव्हा घुमी घरी होती का?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं. “मी माझ्या नादात होते,” मी म्हणाले. हे खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त नीच होतं.

“घुमीच असणार. ती जळते आमच्यावर. मागं म्हणाली होती, तुम्ही दोघी सगळं दोघींतच करता, मी काय भाडं भरणारं टेबल आहे का? आणि फोटो कुठला, तर नेमका आमचा दोघींचा.”

‘दोघींचा’ म्हणाली. तिसरीचं नाव माझ्यासमोर अजूनही घेतलं नाही.

“कसला फोटो?” मी विचारलं. हेही विचारलं मी.

“असाच गं. सुट्टीतला.” ती घाईघाईनं पुढं गेली. “लंबू सोमवारी पोलिसांत तक्रार देणार आहे. मालकांनी सांगितलंय, तक्रार झाली की घुमीनं खोली सोडायची. तू तुझ्या बाईंना विचार ना, एकाच घरात राहणारीनं असं केलं तर ती घरफोडी होते का? कॉलेजला कळवताना नीट शब्द हवा.”

“कॉलेजला कशाला?”

“का नाही? तिची फी माफ आहे, वर्तणूक चांगली असण्याच्या अटीवर. हे का चांगलं वर्तन?”

माझी पोरगी अशी बोलते, हे मला नवीन होतं. मग वाटलं, नवीन कुठलं? मत्सराचा वास आला की समोरच्याचंच घर जळतंय असं वाटणं, हे तिनं कुठल्या बेकरीतून आणलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई संत्रं सोलत होत्या. सत्तरी उलटलीय त्यांची, पण साल अजून एका लांब पट्टीत काढतात. मी ठकीचा प्रश्न विचारला.

“होते की,” बाई म्हणाल्या. “घर एक असलं तरी त्या तीन खोल्या म्हणजे तीन घरं. बाहेरचं दार तिघींचं, स्वयंपाकघर तिघींचं. पण खोलीला स्वतःचं कुलूप लागलं की तिथं वेगळा उंबरठा आला. चोरीच्या इराद्यानं तो ओलांडला, तर ‘मी इथंच राहते’ म्हणून भागत नाही. रस्त्यावरच्या चोरात आणि तिच्यात फरक एवढाच, की तिला जिने चढावे लागले नाहीत.”

“पण काही फोडलं नाही. किल्लीनं उघडलं.”

“नावात ‘फोड’ आहे म्हणून फोडायलाच हवं असं नाही गं. एकोणीस वर्षं टाइप करतेस ना?”

“किल्ली उघड्यावर कपात होती. म्हणजे परवानगीच झाली की.”

“कशाची? तू म्हणालीस तीन कारणांची. चौथं काढलं की परवानगी संपली. तुला मी ऑफिसची किल्ली दिलीय ती फाइली काढायला, माझ्या पर्समधल्या गोळ्या मोजायला नाही.”

त्या गोळ्या मी दर आठवड्याला मोजते, कारण बाई घ्यायला विसरतात. पण तो विषय तिथं काढला नाही.

“आणि वस्तू अगदीच फालतू असली तर? एक साधा फोटो...”

“वस्तूचं सोड. आत पाऊल टाकलं त्या क्षणी मनात काय होतं, ते बघायचं.”

“मनातलं कसं दिसणार?”

“दिसत नाही, म्हणून तर आपली दोघींची पोटं भरतात.”

मी डबा उघडला आणि परत बंद केला. “बाई, समजा, घरात राहणारी नाही. बाहेरची एक बाई. पाहुणी. बाहेरच्या दाराची किल्ली तिला तिथल्याच मुलीनं दिली. ती चहा करत होती, तेवढ्यात त्या खोलीतली खिडकी आपटायला लागली. ती लावायला गेली. आत गेल्यावर फोटो दिसला आणि उचलला. मग?”

बाईंची संत्र्याची फोड तोंडापाशी थांबली. “मग ती नुसती चोरी. घरफोडी नाही. आत जायचं कारण सरळ होतं, बुद्धी आत गेल्यावर फिरली.” फोड तोंडात गेली. “हुशार आहे ही समजाबाई. वकिलाकडे कामाला असल्यासारखी चोरी केलीय.”

मी डब्याच्या झाकणाकडे बघत बसले.

“या समजाबाईला मुलगी आहे का गं?”

“आहे,” मी म्हणाले. आणि मग डोळ्यांतून जे यायचं ते यायला लागलं. बाईंनी मला रडू दिलं. मायेनं नव्हे, साक्षीदार रडून मोकळा झाला की खरं बोलतो, असा त्यांचा अनुभव आहे. मग टेबलावरच्या साली गोळा करत सहज विचारलं, “किल्ली आधी उचललीस की खिडकी आधी वाजली?”

एवढाच प्रश्न होता. आणि चार दिवस मी स्वतःशी बोलताना तेवढीच जागा टाळून पुढं जात होते.

किल्ली आधी. कप काढताना किल्ली हाताला लागली हेसुद्धा खोटं. ठकीचा कप खालच्या फळीवर असतो; मी वरच्या फळीवर हात घातला होता. मला त्या खोलीत ती बाई कुठंतरी सापडणार होती, तिचं पत्र, तिचा डबा, तिनं विणलेलं काहीतरी. सापडलं की काय करणार, माहीत नव्हतं. पण हाताला लागेल ते तिथं ठेवून येणार नव्हते, एवढं नक्की. किल्ली मुठीत धरून मी दारापर्यंत गेले, आणि तेव्हा खिडकी वाजली. मला इतका आनंद झाला! जणू कुणी तरी आतून ‘या’ म्हणालं.

“माझं काय होईल?” मी विचारलं.

“ते त्या लांब पोरीच्या हातात आहे, खोली तिची. पण आज तुझ्याऐवजी दुसरीच पोरगी आरोपी झालीय. सोमवारच्या आत जा. आणि हे बघ, खिडकीची गोष्ट कोर्टात चालेल. घरी सांगू नकोस. लेकी उलटतपासणी आपल्यापेक्षा बरी घेतात.”

रविवारी सकाळी मी न कळवता गेले. दार ठकीनं उघडलं. “आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?” स्वयंपाकघरात लंबू भांडी विसळत होती. फळ्यांवर दोनच कपांत किल्ल्या होत्या. घुमीनं आपली किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. ती टेबलाच्या टोकाला बसून कोरडा पाव खात होती, आणि बाकीच्या दोघी ती तिथं नसल्यासारख्या वागत होत्या. शाळकरी पोरींसारखा अबोला, पण यात एकीचं वर्ष जाणार होतं.

मी पिशवीतून फोटो काढून टेबलावर ठेवला.

“सापडला?” लंबू ओरडली. “कुठं सापडला, काकू?”

“सापडला नाही. मी नेला होता. मी आले होते त्या दिवशी.”

लंबू आधी हसली. मोठ्यानं, नेहमीसारखी. मग माझं तोंड बघून तिचं हसू मध्येच तुटलं. “म्हणजे तुम्ही माझ्या खोलीत होतात? एकट्या? काकू, अजून काय काय बघितलंत?”

“आरशावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचल्या. बाकी काही उघडलं नाही.”

तिचे कान लाल झाले. चिठ्ठ्यांत काय होतं ते मी इथंही सांगणार नाही. एक अपराध पुरे आहे. ती फोटो उचलून छातीशी धरून म्हणाली, “मी आठवडाभर खुर्ची दाराला लावून झोपतेय. मला वाटलं, कुणी तरी वेडा माझ्यावर पाळत ठेवून आहे.” हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी चोरलं ते माझ्या दुःखाच्या हिशेबानं. तिची झोप त्यात कुठंच नव्हती.

ठकी म्हणाली, “का?”

“तुला कावीळ झाली आणि मला सांगितलं नाहीस.”

“म्हणून चोरी?”

“त्या बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून हसतेस. मला ‘प्रोजेक्ट आहे’ म्हणालीस.”

“आई,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका शांत होता की मला तो माझ्या सासूबाईंचा वाटला. “तुला कळवलं असतं तर तू पहिल्या बसनं आली असतीस. आल्या आल्या रडली असतीस. मग आधी का नाही सांगितलंस म्हणून विचारलं असतंस, मग माझं काय चुकलं म्हणून. आणि मी पडल्या पडल्या तुझी समजूत काढत बसले असते. ताप मला होता. तुला सांभाळायची ताकद नव्हती माझ्यात. काकू सूप ठेवायच्या आणि कामाला जायच्या. त्यांना माझ्याकडून काही नको होतं.”

मला त्यावर उत्तर होतं. चांगली तीन-चार उत्तरं होती, एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांची उत्तरंच टाइप करते. पण त्या क्षणी माझे डोळे भरून आले होते, म्हणजे ती म्हणत होती तेच मी करत होते. मी नाक ओढलं आणि थांबले.

तेव्हा घुमी बोलली. “माझं काय?”

तिघी वळलो.

“या दोघींनी मला सहा दिवस चोर म्हटलं. मालक म्हणतात, सामान बांध. आता तुमचं तुमचं रडून होईल, मिठ्या होतील, आणि मी तशीच राहीन. मला लिहून द्या. मालकांना दाखवायला. आणि गरज पडली तर कॉलेजला.”

“काकू, लिहिलंत तर तो कबुलीजबाब होईल,” लंबू म्हणाली. रागातही पोरीला माझी काळजी, याचंही मला वाईटच वाटलं. ती चांगली निघाली नसती तर सोपं गेलं असतं.

“लिहिते,” मी म्हणाले.

घुमीनं वहीतलं पान फाडून दिलं. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, तारीख, वेळ. बाहेरच्या दाराची किल्ली कुणाकडून मिळाली ते लिहिलं. पुढचं वाक्य आपोआप पेनाच्या टोकाशी आलं: ‘खोलीची खिडकी आपटत असल्यामुळे ती लावण्यासाठी...’ काय सुबक वाक्य होतं! फ्रिजवरच्या कागदात बसणारं, कायद्यात बसणारं. तिघी बघत होत्या. मी लिहिलं, ‘किल्ली मी आधी उचलली. खिडकी नंतर वाजली. मला त्या खोलीत शिरायचंच होतं. या घरातल्या कुणाचाही यात हात नाही.’ आणि सही केली.

घुमीनं कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. “ठीक आहे,” म्हणाली. क्षमा वगैरे केली नाही. का करावी? जाता जाता ठकीला एवढंच म्हणाली, “भाडं भरणारं टेबल आहे ना मी, टेबलाला लागत नसतं,” आणि खोलीचं दार लावून घेतलं. ठकीनं मान खाली घातली. तिचं ते भांडण तिलाच निस्तरायचं होतं. मी मध्ये पडले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

लंबू म्हणाली, “मी तक्रार देत नाही. पण काकू, आम्ही घरात असू तेव्हाच येत जा.”

“हो बाळा.”

ठकी मला खालच्या दारापर्यंत सोडायला आली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, “या रविवारपासून फोन मी करीन. तू करायचा नाहीस. मला वाटेल तेव्हा करीन.”

“किती दिवसांनी वाटेल?”

“आई!”

“बरं, बरं.”

पुढचा रविवार गेला. सोमवारी बाईंनी विचारलं, “काय म्हणते लेक?” मी म्हटलं, “परीक्षा चालू आहे.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि दुसरी फाइल पुढं सरकवली. आणखी एक रविवार गेला. नवऱ्यानं दोनदा नुसताच फोन उचलून ठेवला, बहुधा तो चालू आहे की नाही ते बघायला. मी ओटा घासला नाही. बसून राहिले, ते घासण्यापेक्षा कठीण असतं.

बुधवारी संध्याकाळी ऑफिस बंद करताना फोन वाजला.

“आई, माझा घसा दुखतोय. थोडा तापही आहे. येऊ नकोस. नुसतं सांगतेय.”

पायात चपला होत्याच. सहाची बस कुठून सुटते ते मला झोपेतसुद्धा सांगता येतं. मी खुर्चीवर परत बसले.

“बरं,” मी म्हणाले. “मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर. पाणी जास्त पी.”

“करतेय.” मग थोडं थांबून, “रडतेयस का?”

“नाही. कपाटाची किल्ली शोधतेय,” मी म्हणाले, आणि ती चक्क हसली, घसा दुखत असताना.

आणखी कुणाला सांगितलंस, मला आधी की त्या काकूंना आधी, हा प्रश्न माझ्या जिभेच्या अगदी टोकाशी येऊन बसला होता. फोन ठेवेपर्यंत मी दात मिटून बसले. तो बाहेर आला नाही. गेलाही नाही.